दीडशे मिलिमीटरचा मोह

गेल्या पावसाळ्यानंतर वेताळ टेकडीवर मी आपटलो. चांगलाच आपटलो. सुट्या खडीचा उतार, मध्ये एक आडवा दगड, आणि पुढच्या क्षणी मी सायकलच्या पुढे आणि सायकल माझ्या अंगावर. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. ऑफिसात टीम लीडने पहिला प्रश्न विचारला, ‘लॅपटॉप एका हाताने जमेल ना?’ आणि घरी आईने सोसायटीच्या वॉचमनकडे सायकलला गिऱ्हाईक शोधायला सांगून ठेवलं.

सहा आठवडे रिकामा बसलेला माणूस काय करणार? व्हिडिओ बघणार. ते बघून बघून माझा निष्कर्ष पक्का झाला, की चूक माझी नव्हतीच, चूक सायकलची! माझी बिचारी हार्डटेल. पुढे १०० मिलिमीटरचं सस्पेन्शन, मागे शून्य. व्हिडिओतली पोरं बघावीत तर पुढे-मागे दीडशे-दीडशे, काहींचं त्याहूनही जास्त. दुकानात गेलो तर सेल्समन माझ्या सायकलकडे बघून म्हणाला, ‘साहेब, शंभरवर आता कोण चालवतं?’ ज्या आवाजात तो हे म्हणाला, त्या आवाजात लोक ‘अजून फ्लॉपी वापरता?’ असं विचारायचे. किंमत मात्र विचारू नका. तेवढ्यात बरी सेकंडहॅण्ड कार येते. तरी मी ईएमआयचा हिशेब मांडला होता.

आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये एक आहे, त्याला सगळे शेठ म्हणतात. त्याच्याकडे ही दीडशेवाली आहे. म्हणाला, ‘घेण्याआधी एकदा चालवून बघ. मी तुझी घेतो.’

एआरएआयच्या रस्त्याने वर चढतानाच फरक कळायला लागला, पण उलटा. पेडल मारलं की सायकल डुलायची. मी घाम गाळून दिलेली ताकद शॉकअप मधल्या मध्ये गट्ट करतोय असं वाटत होतं. (लॉक करायचा खटका असतो म्हणे. तो मला वर पोचल्यावर दाखवला.) शेठ माझ्या ‘फ्लॉपी’वर पुढे निघून गेला होता.

उतरायच्या आधी शेठने त्याच्या शॉकअपमध्ये माझ्या वजनाला साजेशी हवा भरून दिली आणि फोर्कच्या नळीवरची छोटी काळी रबरी रिंग खाली ढकलली. ही रिंग तुमच्याही सायकलवर असेल, बघा. फोर्क जितका दबतो तितकी ती वर सरकते आणि तिथेच थांबते. म्हणजे खाली उतरल्यावर, आपण विकत घेतलेल्या मिलिमीटरांपैकी जास्तीत जास्त किती वापरले, याची पावती हातात! माझ्या सायकलवरही होती. दोन वर्षं मला ती ग्रीस आत जाऊ नये म्हणून लावलेली वाटत होती.

उतार मात्र काय सांगू! गादीवरून घसरत आल्यासारखं वाटलं. ज्या दगडाने माझं हाड मोडलं, तो कधी आला नि कधी गेला ते कळलंही नाही. दहा-बारा सेकंदांनी शेठ माझ्या सायकलवर खाली आला. न पडता. आणि उतरल्या उतरल्या विचारलं, ‘टायरमध्ये हवा किती मारतोस रे?’

पंचेचाळीस पीएसआय. टायरवर त्याहूनही मोठा आकडा छापलेला आहे, त्यामुळे मला वाटायचं मी सांभाळूनच भरतो. शेठने वरच ती तिसाच्या आत उतरवली होती. दगडासारखा टणक टायर खडीवर उड्या मारतो, मऊ टायर तिला धरून चालतो. म्हणजे मी आधी टायरमधला फुकटचा शॉकअप घालवून बसलो होतो आणि मग लाखांचा विकत घ्यायला निघालो होतो.

मग रिंगा बघितल्या. शेठच्या सायकलवर, माझ्याखाली : दीडशेपैकी नव्वदच्या आसपास. माझ्या सायकलवर, शेठखाली : शंभरपैकी पंच्याऐंशी. उरलेले साठ मिलिमीटर मी टेकडीवर नुसते फिरवून आणले!

आता सगळंच सस्पेन्शन रोज शेवटपर्यंत दबावं असं नसतं, हे मान्य. शेवटचा थोडा भाग एखाद्या वाईट उडीसाठी राखून ठेवायचा असतो. शिवाय सस्पेन्शनचं काम फक्त धक्का खाणं नाही, चाक जमिनीला चिकटवून ठेवणंही आहे. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्रीचं सोनं यारोस्लाव्ह कुल्हावीने फुल सस्पेन्शनवर घेतलं आणि हार्डटेलवरच्या निनो शुर्टरला एका सेकंदाने रुपं. चार वर्षांनी रिओत शुर्टर स्वतः फुल सस्पेन्शनवर आला आणि सोनं घेऊन गेला. पण ती शर्यतीची सायकल, साधारण शंभर मिलिमीटरची. दीडशेची नाही.

आणि ज्यांनी हा खेळ सुरू केला त्यांच्याकडे तर शून्य होतं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीच्या डोंगरावर ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. जुन्या जाडजूड सायकली आणि उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते नव्याने भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा आरएस-१ फोर्क आला, तो जेमतेम पन्नास मिलिमीटरचा. पुढच्याच वर्षी ड्युरँगोला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्यात ग्रेग हरबोल्डने तोच फोर्क लावून डाउनहिल जिंकली.

गंमत म्हणजे तेव्हापासून चाकं २६ इंचांवरून २९ वर गेली, टायर रुंद झाले, ट्यूबलेस आले. या प्रत्येकाने शॉकअपचं थोडं थोडं काम स्वतःकडे घेतलं. तरी मिलिमीटर कमी झाले नाहीत, वाढतच गेले. आमच्या टेकड्या मात्र होत्या तेवढ्याच आहेत!

हे सगळं त्या दिवशी मी शेठला मोठ्या तावातावाने ऐकवलं. टपरीवर चहा पिता पिता. वर विचारलं, ‘मग तू कशाला घेतलीस एवढी?’

‘पाठ,’ तो म्हणाला. ‘दहा-दहा तास खुर्चीत बसून कंबरेचे दोन मणके गेलेत. हार्डटेलवर दुसऱ्या दिवशी मोजे घालता येत नाहीत. आज तुझी चालवलीय ना, उद्या वर्क फ्रॉम होम.’

मी गप्प. रिंग हे सांगत नाही.

आणि आणखी एक गोष्ट रिंग सांगत नाही. पडलो त्या दिवशी मी घाबरून खडीच्या मधोमध पुढचा ब्रेक करकचून दाबला होता. शंभर काय, दोनशे मिलिमीटर असते तरी पुढचं चाक तिथेच अडकलं असतं. शेठच्या सायकलवर मी त्याच दगडावरून दीडपट वेगाने गेलो असेन. तिथे बोट दाबलं असतं तर? दुसरं कॉलरबोन शिल्लक होतंच.

ईएमआय रद्द केला. टायर ट्यूबलेस करून घेतले, हवेचा एक नीट गेज आणि शॉकअपचा पंप घेतला. फोर्कमध्ये दुकानदाराने दिली तीच हवा दोन वर्षं होती. आपण बसल्यावर फोर्क साधारण पाचवा हिस्सा दबायला हवा, माझा हलतही नव्हता. आईने वॉचमनला ‘तूर्त थांब’ सांगितलंय.

परवाच्या शनिवारी रिंग ८८ वर थांबली. पुढच्या ब्रेकवर मात्र उतारभर दोन बोटं आवळलेली असतात. शेठ म्हणतो, एकच ठेव. दुसरं अजून निघत नाही.