वेगाहून मेळ महत्त्वाचा

हौसेने महागडे ग्राफिक्स कार्ड आणून संगणकावर शर्यतीचा खेळ सुरू करावा, आणि मोटार वळणावर येताच पडद्यावरचे चित्र मधोमध आडवे फाटावे, असा अनुभव आला की खेळणारा त्याचा दोष कार्डाच्या माथी मारतो. वस्तुतः तेथे उणीव सामर्थ्याची नसून मेळाची असते.

६० हर्ट्झचा मॉनिटर सुमारे १६.७ मिलिसेकंदांच्या ठरीव मुदतीने चित्र बदलतो, कार्डाला मात्र दृश्य जितके गुंतागुंतीचे तितका अधिक वेळ लागतो. म्हणून एक चित्र वरून खाली उमटत असतानाच दुसरे येऊन थडकले, की दोहोंचे तुकडे एकत्र दिसतात. व्ही-सिंकच्या जुन्या तजविजीने कार्डाला मॉनिटरचे ताबेदार केले, त्यामुळे चित्र फाटणे थांबले खरे. परंतु एक मुदत हुकली की पुढच्या मुदतीपर्यंत खोळंबा, त्यापायी पुष्कळदा सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे चित्रांचा, वेग एकदम ३० वर, आणि हाताच्या हालचालीला दृश्याचा प्रतिसादही विलंबाने, अशी नवी पीडा उद्भवली.

२०१३ साली एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर करून हा शिरस्ताच उलटा केला: संवादिनीवादक गायकामागोमाग जातो, तसा मॉनिटर कार्डामागोमाग जाऊ लागला. पुढे एएमडीचे फ्रीसिंक आले, आणि २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही फ्रीसिंकच्याच धर्तीच्या अडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरांशी जुळवून घेऊ लागल्यामुळे ही सोय सामान्य खिशाच्या आवाक्यात आली.

माझे मत असे की, ज्याच्या मॉनिटरात ही सोय आहे त्याने ती मॉनिटरच्या मेनूत व कार्डाच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे, चालू करावी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर तर राहिला नाही ना, हे पाहावे. आणि अशा मॉनिटरवर फ्रेमची कमाल मर्यादा सेकंदाला १४० च्या आसपास बांधावी, कारण मॉनिटरची सीमा ओलांडताच हा मेळ तुटतो. चुरशीच्या स्पर्धेत क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणाऱ्याने सारे सिंक बंद ठेवून फाटके चित्र पत्करले, तर त्याचा निर्णय त्याच्यापुरता रास्तच आहे.

परंतु घरी निवांत खेळणाऱ्याला सेकंदाला १४० फ्रेम मिळाल्या काय आणि ९० मिळाल्या काय, त्या समान अंतराने आल्या तरच त्याच्या डोळ्यांना सुख होते. आणि म्हणूनच हजारो रुपये मोजून घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती यंत्र देण्यापूर्वी या तीन गोष्टी लावून देणे, हे विक्रेत्याने सौजन्य न मानता कर्तव्य मानले पाहिजे.