हजार मिलिसेकंदांची थाप

टाइमआउट म्हणजे दिलेली मुदत संपली की परत येणं, असं मानणाऱ्या भाबड्यांत मीही होतो. काम चिमूटभर: एका उपकरणाला पॅकेट पाठवायचं आणि लिबपीकॅप या पॅकेट टिपणाऱ्या लायब्ररीने त्याचं उत्तर टिपायचं. मुदत दिली १००० मिलिसेकंद. माझ्या तेव्हाच्या लिनक्सवर उत्तर चुटकीसरशी हजर. ग्राहकाच्या मॅकवर तेच उत्तर सेकंदभर रेंगाळायचं. उपकरणाचा दोष म्हणून मी दोन आठवडे भांडलो. उपकरण बिचारं निर्दोष होतं.

कर्नलमधला बफर म्हणजे वडाप जीप. भरल्याशिवाय सुटायची नाही, फार तर ड्रायव्हरचा धीर सुटेपर्यंत थांबायची. पण तो धीर कधीपासून मोजायचा, यावर कुणाचं एकमत नाही. बीएसडी आणि मॅक वाचायला बसल्यापासून मोजतात. सोलारिसचं घड्याळ पहिलं पॅकेट आल्यावरच चालू होतं. नेटवर्क शांत असेल तर बसा उंबऱ्यात. विंडोजवर विनपीकॅप मुळात १६००० बाइट जमायची वाट बघतं. शून्य मुदत दिली तर काही ठिकाणी जीप भरेपर्यंत हलतच नाही. जुनं लिनक्स मात्र प्रत्येक पॅकेटला स्वतंत्र रिक्षा द्यायचं, म्हणून तर आम्ही माजलो. २०१३ साली लिबपीकॅप १.५ आलं आणि लिनक्सही नव्या कर्नलवर वडापात बसलं. त्याच आवृत्तीत थांबायचंच नसलेल्यांसाठी ‘इमिजिएट मोड’ आला. म्हणजे तक्रारी पोचल्या होत्या तर!

बफर का लागतो, हे मला शिकवू नका. पॅकेटागणिक प्रोग्रॅमला उठवणं महाग पडतं. माझा राग नावावर आहे. ठरल्या वेळात परत येण्यासाठी या मुदतीवर विसंबू नका, असं मॅन्युअलच सांगतं. मग तिला टाइमआउट म्हणायची हौस कुणाची? आणि पॅकेट आलं की कळवणारा ‘सिलेक्ट’ कॉल वापरून सुटका होईल म्हणाल, तर काही जुन्या बीएसडींवर वाचायला गेल्याशिवाय घड्याळच सुरू होत नाही, आणि विंडोजवर सिलेक्ट चालतच नाही. तिथे वेगळं इव्हेंट हँडल मागायचं. याला म्हणे क्रॉस-प्लॅटफॉर्म! कंपाइल सगळीकडे होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. मॅन्युअल वाचण्याऐवजी मी मुदत १ मिलिसेकंद केली आणि ग्राहकाच्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमू लागला.

परवा टीममधल्या नव्या पोराचा कोड तपासला. टाइमआउट: शून्य. म्हटलं, शून्य का रे?

‘लगेच परत यावं म्हणून, सर.’