बिनधुराची शेकोटी विकत मिळत नाही

आपल्या मंडळातल्या घरांच्या बॅकयार्डमध्ये अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. आधी ग्रिल आली, मग मुलांचं ट्रॅम्पोलिन, आणि आता हा स्टीलचा गोल, दुहेरी भिंतीचा, बिनधुराचा फायर पिट. कोजागिरीचं मसाला दूध याच्याभोवती बसून प्यायलं जातं आणि छोटेखानी होळीही यातच पेटते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये रॅपर स्नूप डॉगने आपण धूर सोडत असल्याचं जाहीर केलं आणि जग चकित झालं. चार दिवसांनी कळलं, की ती अशाच एका फायर पिटची जाहिरात होती! आपल्या मुलांना हा विनोद पाठ आहे.

पण प्रत्यक्षात बहुतेक अंगणांत पहिला अर्धा तास काय चालतं? पाहुणे डोळे चोळत असतात, वारा फिरेल तशा खुर्च्या सरकत असतात, यजमान लायटर फ्लुइडची बाटली शोधत असतो आणि कोणीतरी म्हणतंच, "अहो, खोक्यावर तर स्मोकलेस लिहिलंय!"

खोक्यावर लिहिलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं लाकडात आणि पेटवणाऱ्याच्या हातात असतं. या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ते उरलेलं अर्धं आपण शिकून घ्यायला हवं, कारण धूर कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे जातो. दुसरी, शेकोटी पेटवण्याचं काम बाबांकडून काढून मुलांकडे सोपवायला हवं, आणि त्यांच्या शेजारी आजीची खुर्ची मांडायला हवी.

धूर म्हणजे न जळलेलं जळण. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि आपल्याला दिसते ती ज्वाळा या वायूंची असते. पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ते जळून जातात. नाही मिळाली तर धूर होऊन डोळ्यांत जातात. दुहेरी भिंतीच्या पिटात खालच्या भोकांतून शिरलेली हवा दोन भिंतींमधल्या पोकळीतून वर चढता चढता तापते आणि काठाखालच्या भोकांतून ज्वाळेवर सुटते. निसटू पाहणारा धूर तिथे दुसऱ्यांदा पेटतो. पण हे घडायला आधी पिट चांगला तापावा लागतो. तोपर्यंत तो महागडी बादलीच असतो. आणि लाकूड ओलं असेल तर उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते, पिट नीट तापतच नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीसुद्धा असू शकतं. इथली पर्यावरण संस्था ईपीए सांगते, की जाळायच्या लाकडात ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी हवा. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते खरं, पण जळताना ते सगळ्या गल्लीला रडवतं.

हे शास्त्र अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीने परवा शोधलं असं मुलांना वाटत असेल तर त्यांना आपल्या घरची गोष्ट सांगायला हवी. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. धूर स्वयंपाकघराबाहेर नेणारी 'मगन चूल' तिथली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३मध्ये धूरविरहित स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. १९८३मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आणि १९९६मध्ये डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने 'संपदा' नावाची गॅसिफायर शेगडी आणली. आधी लाकडातून वायू काढायचा, मग वर वेगळी हवा देऊन तो जाळायचा आणि खाली कोळसा उरवायचा. डॉ. कर्वे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. आपल्या अंगणातल्या स्टीलच्या पिटात निघालेला वायू वरच्या गरम हवेत जाळण्याची जी युक्ती आहे, तिच्याशी या शेगडीचं जवळचं नातं आहे.

फरक गरजेचा आहे. कर्वे यांच्यासारख्यांनी ही धडपड केली ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. तिकडे जो जिवाचा प्रश्न होता, तो आपल्याकडे शनिवारची करमणूक होऊन आला. यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, पण ती करमणूक अडाणीपणे करायचंही कारण नाही. जिच्या आईने आयुष्यभर फुंकणी फुंकली, तिच्या घरच्या शेकोटीने शेजारच्या दम्याच्या मुलाला खिडक्या लावून बसायला लावावं हे शोभत नाही.

तर पेटवायचं कसं? आधी लाकूड. गॅस स्टेशनबाहेर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मोळी पुष्कळदा दमट असते. भट्टीत वाळवलेलं लाकूड महाग पडतं, पण जळतं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहा. सुकं लाकूड टणत्कार देतं, ओलं धप्पकन बोलतं. ओलावा मोजायचं दोन टाचण्यांचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते सालीवर न लावता ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला लावायचं. ओक, हिकरी, मेपल यांचे निखारे टिकतात. पाइन आणि सीडार चटकन पेटतात, म्हणून ते काटक्यांपुरते. रंगवलेलं लाकूड, डेकचे उरलेले तुकडे, चकचकीत खोकी यांतलं काहीही आत जाता कामा नये.

मग रचना. तळाची जुनी राख काढा, नाहीतर खालून हवाच शिरणार नाही. मनगटाएवढ्या जाडीचे दोन-तीन ओंडके खाली, त्यांवर आडव्या बोटाएवढ्या ढलप्या, त्यांवर काटक्या, आणि सगळ्यात वर पेटवण. आपली सवय खालून पेटवायची, पण इथे वरून पेटवायचं. ज्वाळा वर असली की खालून निघणारा वायू तिच्यातूनच जातो आणि जळतो. पेटवण म्हणून दिवाळीत उरलेल्या तुपातल्या फुलवाती उत्तम. कोकणात अंघोळीच्या पाण्यासाठी पेटणारी नारळाची वाळकी करवंटी इथेही तशीच पेटते. पेट्रोल, रॉकेल, लायटर फ्लुइड यांना शेकोटीत काम नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं धीर धरा आणि नंतर एकेक लाकूड घाला. लाकूड काठाखालच्या भोकांच्या वर गेलं की बिनधुराचं यंत्र बंद पडलं म्हणून समजा. सोहळ्याचा मोठा भडका हवा म्हणून पिट काठोकाठ भरणारे यजमान धुराचं निमंत्रणच देतात.

आता दुसरा मुद्दा. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांची आणि विस्तवाची ओळखच राहिलेली नाही. फोडणी दिली की स्मोक अलार्म कोकलतो, मग दारं उघडा, टॉवेल हलवा. पूजेत बॅटरीची पणती. हॉलमध्ये लग्न असेल तर होमकुंडाला परवानगी मिळेल की नाही याची धाकधूक. आग म्हणजे विझवायची गोष्ट, एवढंच मुलं आपल्याकडून शिकली आहेत. याच देशातल्या स्काउट चळवळीने मात्र वेगळा विचार केला. तिथे 'फायरमन चिट' नावाचं कार्ड असतं. नियम शिकलास, जबाबदारी घेतलीस, तर काडेपेटी बाळग आणि शेकोटी पेटव. नियम मोडलास तर कार्ड जातं. भीती घालण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे.

आणि शेजारी आजी का? सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला आपण इथे काय काय सांगतो ते आठवा: गॅस लावू नकोस, अलार्म वाजेल. रिमोटचं ते बटण दाबू नकोस. एकटी चालायला जाऊ नकोस. नातवंडांना दिसते ती प्रत्येक गोष्टीत मदत लागणारी बाई. पण हिने कदाचित एका काडीत चूल पेटवली आहे, आगटीवर हुरडा भाजला आहे, रायगडच्या बाजूची असेल तर भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटीचं मडकं लावलं आहे. कोणता ओंडका धुरेल हे ती हातात घेऊन सांगेल. ती पुण्याच्या फ्लॅटमध्येच वाढली असेल तर तिच्या आईचं सांगेल. एक मात्र लक्षात ठेवा. तिला धुराचं तुमच्यासारखं कौतुक वाटणार नाही. तिची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, एवढी यातायात कशाला, गॅसचं टेबल घ्या. ज्यांचं अंगण लहान आहे किंवा ज्यांच्या सोसायटीचा नियम लाकडाला मनाई करतो त्यांनी जरूर घ्यावं. पण बटण फिरवण्यात शिकण्यासारखं काही नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: २०२३च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांनी न्यूयॉर्कचं आकाश केशरी केलं, २०२५च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, आणि आपण हौसेने लाकडं जाळायची? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. डोळ्यांना धूर दिसला नाही तरी सूक्ष्म कण हवेत जातातच. बे एरियात 'स्पेअर द एअर' इशारा असलेल्या दिवशी लाकूड जाळायला बंदी असते आणि त्यातून बिनधुराचा पिट सुटत नाही. जिथे असा इशारा आहे, जोराचा वारा आहे किंवा कोरड्या हंगामात आगीची मनाई आहे, तिथे कार्यक्रम आत घ्यावा. महिन्यातून एकदा नीट पेटवलेली छोटी शेकोटी आणि दर शनिवारी धुमसणारं ओलं लाकूड यांत मात्र मोठा फरक आहे.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. थँक्सगिव्हिंगपासून होळीपर्यंतच्या प्रत्येक शेकोटीला बारा वर्षांवरची दोन मुलं 'अग्निप्रमुख' नेमावीत आणि एक मोठा माणूस फक्त लक्ष ठेवायला असावा. ओलावा मोजायचं एक यंत्र मंडळाने घ्यावं आणि ते घरोघरी फिरावं. यजमानांनी शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावं आणि जमल्यास बोलवावं. पिट घरापासून आणि लाकडी डेकपासून लांब असावा, पाण्याचा पाइप हाताशी असावा. नायलॉनची ओढणी नको, सुती कपडे बरे. राखेत निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढावी, कचऱ्याच्या पिशवीत कधीही नाही. आणि कॅम्पिंगला जाताना घरचं लाकूड गाडीत घालू नये. २००२मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेला ॲश झाडाचा भुंगा अशाच लाकडांतून राज्यामागून राज्यं फिरला आणि त्याने कोट्यवधी झाडं मारली. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यावं.

एवढं सगळं मुलांनी केलं, तर पिट खरोखर बिनधुराचा होईल. आणि बाबांना एकदाचं शांतपणे बसून मसाला दूध पिता येईल.