लंडनच्या रेल्वेमार्गांना सहा नवी नावं, खर्च ६३ लाख पौंड. नेमकं प्रकरण काय?

समजा, मुंबईत वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर असं काही नाहीच. सगळ्या मार्गांचं नाव एकच, ‘लोकल’. नकाशावर रंगही एकच. तुम्ही दादरला उभे आहात आणि घोषणा होते, “लोकल सेवा विलंबाने सुरू आहे.” आता कुठली लोकल? विरारची, कर्जतची की पनवेलची?

ऐकायला गंमत वाटते, पण लंडनच्या ‘ओव्हरग्राउंड’ रेल्वेच्या प्रवाशांनी अशी बरीच वर्षं काढली. अखेर १५ फेब्रुवारी २०२४ ला लंडनचे महापौर सादिक खान यांनी ओव्हरग्राउंडच्या सहा मार्गांना सहा वेगळी नावं जाहीर केली. खर्च सांगितला ६३ लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ६५ कोटी रुपये. आणि वादाला तोंड फुटलं.

एकच नाव का होतं?

लंडन म्हटलं की आठवते ती ‘ट्यूब’, म्हणजे भूमिगत रेल्वे. तिच्या प्रत्येक मार्गाला नाव आणि रंग आहे. ओव्हरग्राउंड ही वेगळी सेवा. ती बहुतांश जमिनीवरून धावते आणि उपनगरं जोडते.

ही सेवा एकदम उभी राहिली नाही. शहराची वाहतूक सांभाळणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ने २००७ मध्ये काही जुने, दुर्लक्षित उपनगरी मार्ग ताब्यात घेतले आणि त्यांना ओव्हरग्राउंड नाव दिलं. २०१० मध्ये ईस्ट लंडन मार्ग त्यात आला, २०१५ मध्ये लिव्हरपूल स्ट्रीटहून सुटणारे मार्ग आले. सेवा सुधारली, गर्दी वाढली, स्टेशनं शंभराच्या वर गेली. पण नकाशावर सगळं नारिंगी आणि नाव एकच. एका टोकाला सिग्नल बिघडला की दुसऱ्या टोकाचा प्रवासीही आपली गाडी अडकली का म्हणून गोंधळायचा.

त्यामुळे लोकांनी आपापले मार्ग शोधले होते. गॉस्पेल ओक ते बार्किंग या मार्गाच्या इंग्रजी नावातली अक्षरं जोडून नेहमीचे प्रवासी त्याला ‘गोब्लिन’ म्हणू लागले. म्हणजे नावाची गरज होतीच, महापौरांनी ती शोधून काढली नव्हती.

सहा नावं कुठून आली?

*लायनेस (पिवळा)* : युस्टन ते वॉटफर्ड जंक्शन. हा मार्ग वेम्बलीवरून जातो. तिथल्या मैदानात इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने २०२२ चा युरो कप जिंकला. हा संघ ‘लायनेसेस’ म्हणजे सिंहिणी म्हणून ओळखला जातो.

*मिल्डमे (निळा)* : स्ट्रॅटफर्ड ते रिचमंड आणि क्लॅपहॅम जंक्शन. एड्सच्या रुग्णांना लोक हात लावायलाही घाबरत होते, त्या १९८० च्या दशकात त्यांची सेवा करणाऱ्या छोट्या रुग्णालयाचं हे नाव.

*विंडरश (लाल)* : हायबरी अँड इस्लिंग्टनहून दक्षिण लंडनकडे. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक ब्रिटनमध्ये आले. त्यांच्या पिढीचं हे नाव.

*वीव्हर (गडद तांबडा)* : लिव्हरपूल स्ट्रीटहून चेशंट, एनफिल्ड टाउन आणि चिंगफर्डकडे. हा भाग विणकरांचा आणि कापडधंद्याचा. वेगवेगळ्या काळात आलेल्या स्थलांतरितांनी तो धंदा वाढवला.

*सफ्रजेट (हिरवा)* : तोच गोब्लिन मार्ग, आता बार्किंग रिव्हरसाइडपर्यंत वाढलेला. नाव मताच्या हक्कासाठी लढलेल्या बायकांचं, त्यातही पूर्व लंडनच्या कामगार बायकांचं.

*लिबर्टी (राखाडी)* : रॉमफर्ड ते अपमिन्स्टर, अवघी तीन स्टेशनं. हॅव्हरिंग या भागाला जुन्या काळी स्वतःचा कारभार पाहण्याची मुभा होती. तिला ‘लिबर्टी’ म्हणत.

मग भांडण कशाचं?

पहिला आक्षेप पैशांचा. मे २०२४ मध्ये महापौरपदाची निवडणूक होती. पाट्या बदलण्यापेक्षा हा पैसा सेवेवर खर्च करा, असं विरोधक म्हणाले. प्रशासनाचं म्हणणं, यात स्टेशनांवरच्या पाट्या, नकाशे, गाड्यांमधल्या घोषणा असं सगळंच आलं.

दुसरा आक्षेप, ही नावं राजकीय आहेत. हे खरंच आहे. पण लंडनमध्ये ही पद्धत जुनी आहे. आजची ज्युबिली लाइन आधी ‘फ्लीट लाइन’ म्हणून बांधली जात होती. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली, तेव्हा शहराच्या निवडणुकीत हुजूर पक्षाने नाव बदलायचं आश्वासन दिलं आणि जिंकल्यावर बदललं. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइनही राणीच्याच नावाची. राजघराण्याचं नाव दिलं की कुणाला ते राजकारण वाटत नाही, विणकर आणि स्थलांतरितांचं दिलं की वाटतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात टोकदार आहे. विंडरश पिढीतले अनेक जण लहानपणी कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये आले होते. पण कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारने त्यांना बेकायदा ठरवलं. नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये हे उघड झालं, २०१९ मध्ये भरपाई योजना आली. ती इतकी संथ चालली की वाट बघताना काही जण वारले. भरपाई द्यायची होती केंद्रातल्या गृहखात्याने आणि नाव दिलं शहराने, त्यामुळे दोष महापौरांचा नाही. पण ज्याची फाइल अजून अडकली आहे, त्याला स्टेशनवर आपल्या पिढीचं नाव वाचून नेमकं काय मिळालं, हा प्रश्न उरतोच.

मुंबईपेक्षा वेगळं काय?

मुंबईलाही नामांतर नवं नाही. १९९६ मध्ये व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. इथे प्रत्येक वेळी एक नाव गेलं आणि त्या जागी दुसरं आलं. त्यामुळे वाद कुणाचं नाव पुसायचं यावर होतो. लंडनमध्ये ओव्हरग्राउंड हे नाव आणि त्याचं नारिंगी चिन्ह तसंच राहिलं. ज्यांना नाव नव्हतं त्यांना ते मिळालं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नकाशे लागले. आता “सफ्रजेट लाइनवर उशीर आहे” असं ऐकलं की बाकी पाच मार्गांचे प्रवासी निवांत असतात. खर्चाचं मोजमाप आधी इथेच व्हायला हवं.

हाच प्रश्न महाराष्ट्रातही येणार आहे. मुंबई मेट्रोचे मार्ग सध्या आकड्यांनी आणि रंगांनी ओळखले जातात. ॲक्वा लाइन मुंबईत आहे आणि पुण्यातही. जाळं वाढेल तशी नावांची मागणी होईल, याद्या निघतील, मोर्चेही निघतील. तेव्हा कुणाचा सन्मान करायचा यावर खूप चर्चा होईल. घाईत गाडी बदलणाऱ्या माणसाला त्या नावावरून आपला फलाट सापडेल का, हेही कुणीतरी विचारायला हवं. नाहीतर लोक आपलंच नाव पाडतील. व्हीटी म्हणणारे आजही कमी नाहीत.