गुप्तदान की गुप्त डाव?

बिल गेट्सच्या लशीत चिप आहे, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. खोटाच होता तो. पण गंमत बघा, गेट्स फाउंडेशन कुणाला किती पैसे देतं, हे त्यांच्या वेबसाइटवर कुणीही वाचू शकतं.

बॅरी साइड हे नाव ऐकलंय? नसेलच. शिकागोच्या या उद्योगपतीनं २०२१मध्ये आपली अख्खी कंपनी एका ट्रस्टला देऊन टाकली. ती विकून ट्रस्टला मिळाले तब्बल १.६ अब्ज डॉलर. ट्रस्टचे प्रमुख लिओनार्ड लिओ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात उजव्या विचारांचे न्यायाधीश बसवण्यात ज्यांचा मोठा हात, तेच हे. लोकांना पत्ता लागला २०२२मध्ये, तोही पत्रकारांनी खोदून काढलं म्हणून. आणि हे सगळं कायद्यात बसून, बरं का!

देवळाच्या पेटीत गुपचूप शंभराची नोट टाकणं वेगळं. त्या नोटेनं न्यायाधीश ठरत नाहीत. इथे नाव लपवण्याला नम्रपणा कसं म्हणायचं?

गेट्सनाही सूट नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांत त्यांचं फाउंडेशन आहे. मग कुठल्या आजाराला आधी पैसा, हे कुणी निवडून न दिलेल्या माणसानं ठरवायचं? चिपच्या नादात हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.