एकाच साली दोन कायदे

भांडवलशाही बरी की समाजवाद, असा प्रश्न बैठकीत निघाला की आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटीकडे बोट दाखवतो.

१९६१ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले. कमाल धारणा कायद्याने शेतकऱ्याला बजावले, इतक्या एकरांपुढे जमीन ठेवायची नाही. याला समाजवाद म्हटले. औद्योगिक विकास कायद्याने सरकारला जमीन सक्तीने घेऊन कारखानदाराला पट्ट्याने देण्याची मुभा दिली. ही म्हणे भांडवलशाही! १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले. वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत.

तिथे हजारो हातांना काम मिळाले, हे कोण नाकारतो? पण खुल्या बाजारात विकणारा 'देत नाही' म्हणू शकतो. इथे भाव जमला नाही तर कलेक्टर ठरवतो. पुढे कारखाने बंद पडले, संगणक कंपन्यांच्या इमारती उठल्या. पट्टेदार महामंडळाचे शुल्क भरून भूखंड दुसऱ्याला देतो, वाढलेला भाव पदरात पाडून घेतो. अशा व्यवहारात मूळ मालकाला कोणी विचारत नाही. आमच्या लेखी ही भांडवलशाही नव्हे, सरकारी मेहेरबानी आहे.

भावांनो, कलम ३२(२) ची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.