दावेदार निश्चित, तरीही भविष्यनिर्वाह निधी पडून

नवी दिल्ली : कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या निष्क्रिय खात्यांत ३१ मार्च २०२४ अखेर सुमारे ८,५०५ कोटी रुपये पडून होते. अशी खाती साडेएकवीस लाखांहून अधिक होती. २०१८-१९ मध्ये हीच रक्कम सुमारे १,६३८ कोटी रुपये होती. सरकारने संसदेत दिलेल्या या आकडेवारीवरून समस्येची वाढ दिसते. तिची संपूर्ण व्याप्ती मात्र दिसत नाही.

२०१६ मधील दुरुस्तीनुसार, वयाच्या ५५ वर्षांनंतरची निवृत्ती, कायमचे परदेशगमन किंवा मृत्यू यानंतर तीन वर्षांत दावा न झाल्यासच खाते निष्क्रिय ठरते व त्यावरील व्याज थांबते. तिशीत नोकरी बदललेल्या कामगाराचे विस्मरणात गेलेले खाते या मोजणीत येतच नाही.

समस्येचे मूळ जुन्या पद्धतीत आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) सुरू होण्यापूर्वी प्रत्येक नोकरीत नवा क्रमांक मिळत असे. आस्थापना बंद पडली की तो शोधण्याचा मार्गही खुंटत असे. कंत्राटदार बदलत राज्याराज्यांत फिरणाऱ्या कामगारांना याची झळ अधिक बसली. नोंदीतील नाव वा जन्मतारीख आधारशी न जुळणे, ही आणखी एक अडचण.

शोधाची सुरुवात जुनी वेतनपावती किंवा वार्षिक खातेविवरण यांपासून करता येते. काही मोठ्या कंपन्यांचा निधी त्यांच्या स्वतंत्र न्यासाकडे असतो; तेथे चौकशी त्या न्यासाकडेच करावी लागते. जुनी रक्कम काढण्यापेक्षा चालू खात्यात वर्ग करणे सहसा हिताचे ठरते. करसवलतीसाठी पाच वर्षांची सलग सेवा आणि मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा मोजताना जुना काळ उपयोगी पडतो.

जानेवारी २०२५ पासून आधारशी जोडलेल्या अनेक खात्यांच्या हस्तांतरणासाठी मालकाच्या मंजुरीची अट उरलेली नाही. हा दिलासा मोठा आहे. तथापि, ज्यांना यूएएन मिळालाच नाही, त्या जुन्या कामगारांपर्यंत किंवा त्यांच्या वारसांपर्यंत तो पोहोचत नाही.

प्रत्येक निष्क्रिय खात्याला निश्चित दावेदार आहे, अशी सरकारची भूमिका आहे. तसे असेल, तर त्याला शोधण्याचा भार केवळ त्याच्यावरच टाकणे न्याय्य ठरत नाही.